बरोसा व्हॅली: वाइनच्या सीझनला पोचले, त्याचे पहिले दिवस

निघायच्या आधी, पुणे

बऱ्याच जणांनी विचारलं की आपल्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात वायनरीत सीझन करता येतो का, तर येतो, आणि हे अगदी अलीकडेच शक्य झालंय. वर्क अँड हॉलिडे नावाचा व्हिसा आहे, सबक्लास 462, त्याच्या यादीत भारत सप्टेंबर 2024 मध्ये आला. वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30, शिक्षणाचे कागद, इंग्लिशची परीक्षा, खात्यात साधारण 5000 ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि या सगळ्याच्या आधी 25 डॉलर भरून लॉटरीत नाव टाकायचं. नाव निघालं तरच पुढचा फॉर्म भरता येतो. एका मालकाकडे सहा महिने काम करता येतं आणि द्राक्षाचा सीझन त्यात आरामात बसतो.

मी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं, नंतर लॅबमध्ये काम. पीएच, अ‍ॅसिड, सल्फर डायऑक्साइड, रोज हेच आकडे. काम आवडायचं पण माझ्याकडे वाइन यायची ती कायम छोट्या बाटलीत, नमुना म्हणून, आणि टाकीपाशी जे चालायचं ते दुसरंच कोणीतरी करायचं. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च आणि बरोसात, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियातल्या ज्या वाइनच्या खोऱ्यात मी जाणार होते तिथे, फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे सुट्टी काढून जाऊन येऊ असं होत नाही. नोकरी सोडली.

आई म्हणाली, "अगं, एवढं शिकून तिकडे टाक्या धुवायला जाणार?"

म्हणलं, "हो आई, टाक्या धुवायलाच. ते यायला पाहिजे मला."

बाबा काही बोलले नाहीत, पण भवानी पेठेत सेफ्टी बूट घ्यायला माझ्याबरोबर आले आणि तीन जोड घालायला लावून, दुकानातच चालायला लावून मग एक घेऊ दिला. पुढे स्टीलची टोपी असलेले, पाणी न शिरणारे. कामाच्या यादीत पहिलीच वस्तू ती होती.

शुक्रवार रात्र ते शनिवार

कोथरूडहून गाडी, चांदणी चौक, एक्सप्रेसवे, मुंबई. मग सिंगापूर, तिथे अख्खा दिवस काढला आणि रात्रीचं अ‍ॅडलेडचं विमान. यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवार, अ‍ॅडलेड

विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात एक प्रश्न असतो की गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होता का. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात नारायणगावच्या पुढे मामाच्या बागेत जाऊन आले होते, तर हो वर खूण केली. खाण्याचं सगळंही लिहिलं, गोडा मसाला, मेतकूट, भाकरवाडी, सगळं दुकानातलं सीलबंद. दुधाचं काही आणलंच नव्हतं, आईने बर्फी बॅगेत भरली होती ती मीच बाहेर काढली तेव्हा तिला वाईट वाटलं, पण तो नियम इथे कडक आहे.

ऑफिसरबाईंनी खाण्याकडे नुसती नजर टाकली. बूट मात्र उलटे करून तळव्याच्या खाचा टॉर्च लावून बघितल्या. कुठल्या पिकाचं शेत, विचारलं. द्राक्ष म्हणल्यावर, त्या बागेत हेच बूट घातले होते का, तेव्हाचे कपडे कुठे आहेत, ते धुतलेत का, सगळं विचारलं. आवाजात जरापण खेकसणं नव्हतं पण सोडतही नव्हत्या.

हे एवढं का, तर फायलोक्सेरा. वेलीची मुळं खाणारी बारीक कीड, हिने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा झोपवल्या. ऑस्ट्रेलियात ती 1877 मध्ये व्हिक्टोरियात जिलाँगजवळ सापडली. साउथ ऑस्ट्रेलियाने 1899 मध्येच तिच्यासाठी वेगळा कायदा केला आणि आजपर्यंत ती या राज्यात शिरलेली नाही. त्यामुळे बरोसात आजही बऱ्याच वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, किडीला दाद न देणाऱ्या दुसऱ्या वेलीच्या मुळांवर कलम केलेल्या नाहीत. आपल्याकडे मामाची अख्खी बाग डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम केलेली आहे, कारण पाणी खारं आणि उन्हाळ्यात तेही पुरत नाही. इथल्या लोकांना खुंट लावावाच लागला नाही, आणि ते टिकवायला शंभरावर वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याचे बूट बघतायत. मला हे फार आवडलं.

अ‍ॅडलेडहून गॉलरपर्यंत लोकल ट्रेन आहे, तासाभराची. तिथे वायनरीची सुपरवायझर गाडी घेऊन आली होती. गॉलर सोडलं की थोड्या वेळात दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. मधे चर्चचे टोकदार कळस. इथे 1842 पासून सायलेशियातून आलेले जर्मन लुथरन लोक वसले, बेथनी हे त्यांचं पहिलं गाव. बेकरीच्या पाट्यांवर आणि दफनभूमीच्या दगडांवर अजून जर्मन आडनावं दिसतात.

सोमवार, टनुंडा (बरोसातलं गाव)

कागदपत्रांचा दिवस. बँक खातं, टॅक्स फाइल नंबर, फोनचं सिम. पगाराचं सांगते कारण तेही विचारलं गेलंय. किमान वेतन जुलै 2025 पासून ताशी 24.95 डॉलर, कॅज्युअल कामगार असल्याने वर 25 टक्के. आमच्या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के टॅक्स कापतात. मालक वर 12 टक्के सुपर म्हणजे पेन्शनचे पैसे भरतो, पण देश सोडताना ते काढले तर 65 टक्के सरकार ठेवून घेतं, त्यामुळे ते पैसे हिशोबात धरूच नका.

राहायला वायनरीच्या मागे जुनं दगडी घर आहे, चार खोल्या. एक मुलगी अर्जेंटिनाची, मेंडोझाची, तिचा हा कितवा तरी सीझन, सहा महिने उत्तरेत आणि सहा महिने दक्षिणेत असं तिचं वर्षानुवर्षं चाललंय. एक फ्रेंच मुलगा, आणि एक आमच्याच साताऱ्याचा! तो मेलबर्नला शिकून इकडे आलाय. मी डबा उघडल्यावर "मेतकूट आहे का तुमच्याकडे?" एवढंच म्हणाला आणि भात लावायलाच गेला. अहो-जाहो तासभर टिकलं.

दुपारी 38 अंश. आणि सूर्य उत्तरेला. वाचून माहीत असतं, पण भर दुपारी स्वतःची सावली दक्षिणेला पडलेली बघताना दिशांचा अंदाजच चुकतो, दुकानातून परत येताना मला प्रत्येक वळणाला नकाशा बघावा लागला. अंधार पडायला साडेआठ वाजून जातात. रात्री मृग नक्षत्र उत्तरेच्या आकाशात उलटं, व्याध त्याच्या वरच्या बाजूला. पुण्याच्या आम्ही पाच तास पुढे आहोत, म्हणजे मी झोपायला जाते तेव्हा आईचा संध्याकाळचा चहा होत असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातील, मग चारच तास.

मंगळवार, इंडक्शन

या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण वाइनच्या कामाबद्दल मला इतक्या वर्षांत कोणी हे असं सांगितलं नव्हतं.

सकाळी सहाला सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. मला वाटलेलं द्राक्षाच्या जाती, यंदाचा हंगाम कसा आहे, असं काही. सुपरवायझरने पहिलं वाक्य काय टाकलं तर, "या इमारतीतल्या कुठल्या गोष्टीने माणूस मरतो ते आधी बघू." आणि खरंच आम्हाला एकेका जागी नेऊन ते दाखवलं. फोर्कलिफ्ट कुठून कुठे जाते आणि त्या पिवळ्या रेघेच्या आत पाय का टाकायचा नाही. हॉपर, म्हणजे द्राक्षं ओततात ते मोठं नसराळं, त्यातला फिरता स्क्रू, तो बंद असला तरी कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय आत हात घालायचा नाही. कॉस्टिक सोडा, डोळ्यात गेला तर पाण्याचा शॉवर कुठे आहे, तिथपर्यंत डोळे मिटून चालत जाऊन दाखवा म्हणाली. सगळ्यांना चालायला लावलं!

मग गॅस. साखर आंबते तेव्हा दारू आणि कार्बन डायऑक्साइड होतो हे शाळेतलं आहे, पण हिशोब केला तर एक लिटर गोड रस पूर्ण आंबला की पन्नास लिटरच्या वर गॅस सुटतो. दहा टनाच्या टाकीतून किती सुटेल बघा. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, खाली बसतो, रिकाम्या दिसणाऱ्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. आत डोकं घातलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. म्हणून टाकीत उतरायचं तर आधी पंखा लावून हवा खेळवायची, मीटरने मोजायचं, ऑक्सिजन 20.9 टक्क्यांच्या आसपास पाहिजे आणि 19.5 च्या खाली गेला की बाहेर. परवानगीचा कागद भरायचा, आणि तोंडाशी एक माणूस फक्त बघत उभा पाहिजे, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. आणि शेवटचा नियम तिने दोनदा सांगितला, आतला माणूस पडला तर तुम्ही आत उडी मारायची नाही. अलार्म, फोन, बाहेरून ओढायचा प्रयत्न, पण आत नाही.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या बातम्या आठवत होत्या. विहिरीत एक उतरला, तो वर आला नाही म्हणून भाऊ उतरला, मग शेजारचा. सेप्टिक टँकमध्ये तेच. दरवर्षी वाचतो आपण. त्या माणसांत हिंमत कमी नव्हती, उलट जास्त होती म्हणून गेली, फक्त जड गॅस तळाशी बसतो हे कामाच्या पहिल्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टाक्या धुणारा माणूस रोजंदारीवर असतो, आज हा उद्या तो, म्हणून त्याला शिकवायचंच नाही ही पद्धत मोडायला पाहिजे. यासाठी परदेशी मशीन लागत नाही. एक सकाळ लागते आणि एक मीटर.

बुधवार, गुरुवार

धुतलं. अजून द्राक्षं यायची होती त्यामुळे दोन दिवस फक्त धुणं. होज, पंप, व्हॉल्व्ह, टाक्या, गटाराच्या जाळ्या. आधी पाणी, मग कॉस्टिक, मग पाणी, मग सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे कॉस्टिकचा उरलेला अंश मारला जातो, मग पुन्हा पाणी. शेवटच्या पाण्याला पीएच पट्टी लावून बघायची. ही पट्टी मी आयुष्यभर वापरलीय, पण गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हखाली धरताना तिचा अर्थ वेगळा लागतो, कारण आकडा चुकला तर पुढचे पाच टन द्राक्ष त्यातून जाणार आहेत.

एक गोष्ट अगदी जवळून सांगते. होज जोडायला इथे बीएसएम नावाचे आट्यांचे जोड असतात, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला मोठा नट, मधे रबराची रिंग. नट हाताने फिरवायचा आणि शेवटचा आवळा वाकड्या पान्याने द्यायचा. ही रिंग दर वेळी काढायची, तिच्या मागच्या खाचेत बोट फिरवायचं, तिथे कालच्या रसाचा चिकट थर राहिलेला असतो, तो नखाला लागतो. व्हिनेगरचे जंतू राहतात ते तिथेच. मेंडोझाच्या मुलीने मला न बोलता तिची रिंग काढून नाकाशी धरली, मग तिने धुतलेली धरली. पुढचं काही सांगावं लागलं नाही. आमची हेड वाइनमेकर, जिच्या नावाने बाटल्या विकल्या जातात, तीही संध्याकाळी गटाराची जाळी घासत होती, आणि कुणालाच त्यात विशेष वाटत नव्हतं.

साताऱ्याच्याने संध्याकाळी पिठलं केलं. फ्रेंच मुलाने तीनदा घेतलं.

शनिवार, पहिली द्राक्षं

पहाटे पाचला गाडी आली. शिराज, लाल वाइनची जात. हाताने तोडलेली, अर्ध्या टनाच्या बिन्समध्ये, मणी अजून रात्रीच्या हवेने गार. उन्हं वर यायच्या आत तोडणी उरकतात, मशीनची तोडणी तर रात्रीच चालते, कारण गरम माल आला की वाटेतच आंबायला लागतो.

आधी वजनकाटा. मग पावती, त्यावर शेतकऱ्याचं नाव, प्लॉट, जात, निव्वळ वजन आणि बोमे. आपण ब्रिक्समध्ये साखर मोजतो, इथे बोमे. एक बोमे म्हणजे साधारण 1.8 ब्रिक्स, आणि सोय अशी की बोमेचा आकडा जवळपास तितकेच टक्के दारू होणार हे सांगतो. आजचा माल 13.8 होता. शेतकरी स्वतः शेजारी उभा राहून हायड्रोमीटर वाचत होता, आणि त्याने वाचलेला आकडाच पावतीवर लिहिला. मी मुद्दाम बघितलं.

मग हॉपर, देठ काढायचं मशीन, पंप, टाकी. माझं काम पट्ट्यापाशी, पाला आणि काड्या वेचायच्या. आठ वाजेपर्यंत हातांची जांभळी झालेली बोटं दहापर्यंत काळी झाली आणि तो रंग अजून गेलेला नाही. मधे टार्टारिक अ‍ॅसिडच्या गोण्या, गरम भागात द्राक्षातलं आंबट कमी पडतं, नाशकात असो की बरोसात, तो प्रश्न सारखाच. दुपारी यीस्ट. चाळीसेक अंशाच्या पाण्यात भिजवलं की वीस मिनिटांत बादलीत फेस वर येतो आणि इडलीचं पीठ फुगल्यासारखा वास सुटतो. मग लगेच टाकीत ओतायचं नाही, थोडा थोडा गार रस घालत तिला टाकीच्या तापमानापर्यंत आणायचं, नाहीतर यीस्ट धक्क्याने मरतं. हे मला पेपरात सहा मार्कांना आलेलं. आज बादली माझ्या हातात होती.

बारा तास झाले. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती आधी हातांकडेच बघत राहिली. "लिंबू चोळ गं," म्हणाली. चोळलं. थोडं निघालं.

रविवार, जुना प्लॉट

कालचा शेतकरी, सत्तरीच्या पुढचे आजोबाच, त्यांनी मी वजनकाट्यापाशी प्रश्न विचारत होते म्हणून बाग बघायला बोलावलं. फाटकावर पाटी, विचारल्याशिवाय आत येऊ नका. आत जाताना क्लोरीनच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बूट मिनिटभर बुडवून उभं राहायचं. त्यांनी स्वतःचेही बुडवले, स्वतःच्याच बागेत जाताना.

मामाला व्हिडिओ कॉल लावलाच. ही बाग त्याला दाखवायचीच होती.

"पोरी, मांडव कुठाय?" त्याचा पहिला प्रश्न.

मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. एक तार, आणि तिच्याखाली खोडं. पिळलेली, मधे भेगा पडलेली, काही ठिकाणी आरपार दिसतं, माझ्या मांडीपेक्षा जाड. शंभर वर्षांपूर्वी लावलेली, आणि ठिबक नाही, पावसावरच. तांबडी माती, हिवाळ्यात पाऊस, उन्हाळ्यात काही नाही. घड छोटे, मणी बारीक. बरोसात जुन्या वेलींची अधिकृत प्रतवारी आहे, 2009 पासून: 35 वर्षांच्या पुढची ओल्ड, 70 च्या पुढची सर्व्हायव्हर, 100 च्या पुढची सेंटेनेरियन, 125 च्या पुढची अँसेस्टर. टनुंडातच लँगमील वायनरीकडे 1843 साली लावलेला शिराजचा प्लॉट आहे आणि तो अजून फळ देतो. आपल्याकडे बाग बारा-पंधरा वर्षं झाली की मोडायचा विचार सुरू होतो. आपली वेल कधी झोपत नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, वर्षातून दोनदा कापून तिला पुन्हा उठवायचं, तर इथली हिवाळ्यात पानं टाकून मस्त विश्रांती घेते. म्हणजे वयाची थेट तुलना करता येत नाही, हे मामालाही कळतं.

"खोड दाखव जवळून," तो म्हणाला. दाखवलं. "एकरी किती निघतं?" आजोबा म्हणाले, टन, चांगल्या साली दीड. मामा हसला, तो खायच्या थॉमसन द्राक्षांचे एकरी दहा-बारा टन काढतो. मग विचारलं, "परवडतं कसं?"

आणि इथून जे बोलणं झालं त्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

मामाकडे पण शिराज होता. 2001 मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, त्यानंतर सगळीकडे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली, त्यात त्यानेही कर्ज काढून लावला. एका कंपनीशी करार. चार-पाच वर्षं बरी गेली, मग मंदी आली, वाइन खपेना, कंपनीने माल उचलणं थांबवलं. त्या साली घड वेलीवरच वाळले. मी लहान होते, मला आठवतं ते एवढंच की मामी कोणाशी बोलत नव्हती. 2010 च्या आसपास त्याने बाग मुळासकट काढली.

आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं, मी मधे भाषांतर करत होते. मग म्हणाले, इथेही झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लाल द्राक्षांना गिऱ्हाईक राहिलं नाही. ऐंशीच्या दशकात सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले, व्हाइन पुल स्कीम, आणि त्यात शंभर-शंभर वर्षांचे शिराज आणि ग्रेनाश गेले. पलीकडचा उतार दाखवला, तिथेही वेली होत्या.

मामाने विचारलं, "मग यांची कशी राहिली? त्या सालात यांना पैसे कुणी दिले?"

उत्तर म्हणून आजोबांनी एक नाव घेतलं, पीटर लेहमन. हा माणूस एका मोठ्या वायनरीत वाइनमेकर होता, मालकांनी सांगितलं की शेतकऱ्यांकडून द्राक्ष घेणं बंद कर, आणि त्याने आधीच त्यांना शब्द दिलेला होता, बहुतेकांशी नुसता हातात हात देऊन. त्याने पैसे उभे केले, 1979 मध्ये स्वतःची वायनरी सुरू केली आणि माल घेत राहिला. लेबलवर पत्त्यातली किलवरची राणी, कारण हा जुगारच होता. 2013 मध्ये तो गेला. बरोसात जुन्या वेलींबद्दल कुणाशीही बोला, त्याचं नाव निघतंच. पुढे नव्वदच्या दशकात जगाला जुन्या वेलींचा शिराज हवा झाला, आणि तो द्यायला वेली उभ्या होत्या कारण मधल्या वाईट वर्षांत कोणीतरी विकत घेत राहिलं.

मामा म्हणाला, "आमच्याकडं एक जरी असा निघाला असता."

मला वाटतं आपल्याकडे वाइनची चर्चा नेहमी हवामान, जात, टेस्टिंग, टुरिझम यावर होते आणि ती करायलाही पाहिजे, पण माल जास्त झालेल्या वर्षी करार पाळला जाणार का, हा प्रश्न कोणी स्टेजवर घेत नाही. शेतकरी मात्र आधी तोच विचारतो. मामाने विचारलाच की. नव्याने कोणी त्याला वाइनची द्राक्षं लाव म्हणलं तर तो आधी हेच विचारणार आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे.

फोन ठेवताना आजोबांनी मामाला विचारलं की डॉगरिजवर वेल जोमात किती वाढते आणि त्याने घड कमी लागतात का. दोघं शेतकरी मग त्यावर दहा मिनिटं बोलले. मी घामाघूम, भाषांतर करून करून.

त्यानंतरचे दिवस

रोजचं आता बसलंय. टाकीत साली वर येतात आणि त्यांचा जाड थर होतो, त्याच्यात रंग आणि टॅनिन, म्हणजे वाइनचा तुरटपणा. तो कोरडा पडू द्यायचा नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस काढून पंपाने वर फवारायचा. मी वर लाकडी फळीवर उभी, होज हातात, थराच्या कडेकडेने फिरवत मधे यायचं. तापमान लिहायचं, बोमे लिहायचा, चव घ्यायची. पहिले दोन दिवस नुसता गोड रस, मग एका सकाळी तोंडात साखरेच्या मागून काहीतरी उष्ण येतं आणि तेव्हा कळतं की चाललंय नीट.

काल पहिल्या टाकीचा रस काढून घेतला आणि खालचा दरवाजा उघडला. पंखा लावला, मीटर आत सोडलं, 20.8. कागदावर सह्या. आत मी, दाराशी साताऱ्याचा, ज्याला बघत राहण्याशिवाय काम नाही. प्लास्टिकच्या फावड्याने ओल्या साली बाहेर ओढायच्या, बाहेर टोपलीसारखा लाकडी फळ्यांचा प्रेस, तो भरायचा. आत उबदार आणि सगळीकडे गच्च वास, मनुका, ओली लाकडं, थोडी मिरी. मधेच तो म्हणाला, "बोलत रहा गं, आवाज येऊ दे." मग मी काहीही बोलत राहिले, पाढे, सिंहगडावरच्या भज्यांचा भाव, मांजरीच्या हॉस्टेलचं जेवण, जे तोंडाला येईल ते.

प्रेसमधून आलेली वाइन चाखली. उग्र, जीभ कोरडी करणारी, पण मागे रस भरपूर. वाइनमेकर म्हणाली ही वेगळ्या बॅरलमध्ये ठेवू, नंतर ठरवू किती मिसळायची. बॅरलवर खडूने प्लॉटचं नाव मी लिहिलं, आजोबांचा प्लॉट.

सोमवारपासून मी नाईटला. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. मशीनने तोडलेला माल रात्रीच येतो, आणि ग्रेनाश अजून वेलीवरच आहे, तो आला की मग लिहायला वेळ मिळेल असं वाटत नाही.